आयटीआयला नंबर लागतो, पण ती दोन वर्षं निघत नाहीत

इंद्रायणीकाठ

नमस्कार मंडळी.

भोसरीजवळच्या एका वस्तीत आम्ही काही जण संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. दहावीला काठावर पास झालेली, नापास झालेली, आठवीनंतर शाळा सुटलेली अशी मुलंमुली येतात. कुणाची आई धुणीभांडी करते, कुणाचे वडील बिगारी. वस्तीला खेटून लहान लहान कारखाने आहेत आणि त्यांच्या दारांवर 'फिटर पाहिजे', 'वेल्डर पाहिजे', 'व्हीएमसी ऑपरेटर पाहिजे' असे फलक वर्षभर लटकलेले असतात. तरी आमची मुलं जातात ती पार्सल पोचवायला, नाहीतर कंत्राटदाराकडे हेल्पर म्हणून.

दहावीचा निकाल लागला की आम्ही त्यांचे आयटीआयचे अर्ज भरून घेतो, विकल्प भरताना शेजारी बसतो. पुष्कळांचा नंबर लागतो. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. दिवाळीपर्यंत एकेक जण गळायला लागतो. विचारलं तर 'मन लागत नाही' एवढंच सांगतात. घरी जाऊन बसलं की कळतं, वडील बांधकामाच्या पाडावरून पडले आहेत, खोलीभाडं थकलंय, धाकटीची फी भरायची आहे. बिगारीला गेलं तर संध्याकाळी हातात दिवसाची मजुरी पडते. आयटीआयला गेलं तर उलट बसभाडं जातं.

सरकारी आयटीआयची फी फारशी आड येत नाही. आड येतो तो रोजचा खर्च आणि त्याहून जास्त, घरात न आलेली मजुरी. प्रशिक्षणार्थींचं विद्यावेतन वर्षानुवर्षं महिना ४० रुपये होतं, ते ५०० झालं. चांगलं झालं, पण ५०० रुपयांत महिन्याचा दुपारचा डबासुद्धा होत नाही. परीक्षेला बसायला ८० टक्के उपस्थिती लागते, म्हणजे दोन दिवस मजुरी आणि चार दिवस शिक्षण असाही मेळ बसत नाही. त्या अटीबद्दल माझी तक्रार नाही. हात बसायचा तर रोज कार्यशाळेत उभं राहायलाच हवं.

कौशल्य शिक्षणाची चर्चा निघाली की अभ्यासक्रम जुना, मशिनं जुनी इथेच ती थांबते. माझं मत असं की गरीब घरातल्या मुलापुरता पहिला प्रश्न त्या दोन वर्षांतल्या पोटाचा आहे. तो सुटला तर बाकीचं शिकणारा शिकून घेतो, आणि तो सुटला नाही तर नवीकोरी मशिनंही त्याच्या उपयोगाची नाहीत. तुमच्यापैकी कुणी आयटीआयमधला निदेशक म्हणजे शिकवणारा असेल, कारखानदार असेल, स्वतः आयटीआय केलेलं असेल, तर ही वर्षं कशी निभावली किंवा निभावून दिली ते लिहा. आम्हाला या वर्षी प्रत्यक्ष काहीतरी उभं करायचं आहे.

कानस

ताई, धागा काढलात, बरं वाटलं. मी जोडारी म्हणजे फिटर ट्रेडचा शिल्पनिदेशक होतो, आता निवृत्त आहे. गळती नेमकी कुठे होते ते सांगतो.

फिटरला पहिले काही महिने मुलगा व्हाइससमोर, म्हणजे तुकडा घट्ट धरणाऱ्या शिकंजासमोर, उभा राहून कानस चालवतो. एमएसचा म्हणजे साध्या पोलादाचा तुकडा हॅकसॉनं कापायचा, कानशीनं सपाट करायचा, गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं साधन लावून उजेडासमोर धरायचा. गुण्याच्या पात्याखालून उजेड दिसला की पुन्हा घासायचं. तळहाताला फोड येतात, खांदे भरून येतात, आणि महिना संपला तरी घरी दाखवण्यासारखं काही तयार झालेलं नसतं. ज्याच्या घरी दोन वेळची ददात नाही तो हा काळ कुरकुरत का होईना काढतो. ज्याच्या घरी आई रोज 'काही मिळालं का रे' विचारते, त्याला याच महिन्यांत वाटतं की आपण लोखंड घासत बसलो आणि दोस्त कमावता झाला. पुढच्या सत्रात ड्रिलिंग, टॅपिंग, फिटिंगचे जॉब सुरू झाले, मेल-फिमेल पीस एकात एक चपखल बसला की त्या मुलाचा चेहरा बदलतो. तिथवर पोचलेला मुलगा सहसा सोडून जात नाही. मदत द्यायची तर पहिल्या सहा महिन्यांत द्या. दुसऱ्या वर्षी सत्कार करून शिष्यवृत्ती देणारे पुष्कळ भेटतात.

आमच्याकडे सकाळच्या पाळीला मुलं उपाशीपोटी येत. आमच्याच काही माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून पोह्या-उपम्याची सोय केली. पहिल्या तासाची हजेरी त्याच आठवड्यात सुधारली. आधी आम्ही त्याच मुलांना शिस्तीवर व्याख्यानं देत होतो.

अर्ज भरताना एक बघत जा. घरची निकड फार असेल तर एका वर्षाचा ट्रेड सुचवा. वेल्डर म्हणजे संधाता, प्लंबर, सुतार हे एका वर्षाचे आहेत आणि आठवी पास चालतो. वायरमन म्हणजे तारतंत्रीलाही आठवी पास चालतो, पण दोन वर्षं लागतात. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे, दहावी पास. मात्र दोन वर्षं निघणार असतील तर दोन वर्षांचाच घ्यावा, कारण त्यावर पुढे पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. आयटीआय म्हणजे शिक्षणाचा शेवट, असं कित्येक पालकांना वाटतं. पदविकेची वाट तिथूनच जाते हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

इंद्रायणीकाठ

कानसकाका, पहिल्या सहा महिन्यांचा मुद्दा आमच्या ध्यानातच आला नव्हता. आम्हीही निकालानंतरच बक्षीस देत होतो. वेल्डरबद्दल आणखी लिहाल का? आमच्याकडे आठवी-नववीतून सुटलेली मुलं बरीच आहेत.

कानस

वेल्डिंग हा रॉड जाळून शिकायचा धंदा आहे. ३.१५ मिमीचा रॉड घेऊन सपाट पट्टीवर सरळ रेघ ओढायला जमली की मुलाला वाटतं आलं. मग उभा जोड करायला दिला की वितळलेला धातू खाली ओघळतो, कडेला अंडरकट म्हणजे खाच पडते, स्लॅग म्हणजे मळी आत अडकते. त्यावर उपाय एकच, पुन्हा रॉड, पुन्हा पट्टी. काही ठिकाणी रॉड मोजून मिळतात आणि मुलगा सपाट जोडावरच पास होऊन बाहेर पडतो. कारखान्यात ट्रायल घेतात तेव्हा तो उभ्या जोडाला अडतो. पाइपाचा ४५ अंशातला जोड, ज्याला ६जी म्हणतात, तो ज्याला स्वच्छ जमतो त्याला काम शोधत फिरावं लागत नाही. म्हणून तुमच्या देणगीदारांना सांगा, प्रमाणपत्रवाटपाचा मंडप नको, रॉडचे पुडे आणि भंगारातल्या पट्ट्या द्या. सोबत चांगली काळी काच, चामडी हातमोजे आणि सेफ्टी बूटही. स्वस्त काचेपायी रात्रभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होऊन तळमळणारी मुलं मी पाहिली आहेत.

शॉपफ्लोअर

भोसरीतच माझं लहान युनिट आहे, टर्निंग आणि मिलिंगचे पार्ट बनवतो. कारखानदाराची बाजू मांडतो.

शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा आहे. त्याच्या नियमांत २०१९ ला झालेल्या दुरुस्तीनंतर ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, ४ ते २९ असतील तर ऐच्छिक. मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के इतके घेता येतात. त्याच दुरुस्तीत किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे ५,००० ते ९,००० रुपये ठरलं आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत त्याचा चौथा हिस्सा, कमाल १,५०० रुपये, सरकार उचलतं. माझ्यासारख्या ऐच्छिक गटातल्या माणसानंही दोन पोरं घ्यायला हरकत नाही, असं मी शेजारच्या गाळेवाल्यांना सांगत असतो.

पहिले काही महिने पोरगा खर्चाचाच असतो. इन्सर्ट म्हणजे हत्याराचं कापणारं टोक मोडतो, हत्याराच्या मापाचा ऑफसेट चुकीचा टाकतो, पीस रिजेक्ट होतात. पण वस्तीतली पोरं टिकतात. माझ्याकडचा आजचा सेटर, म्हणजे मशिन लावून देणारा, असाच आला होता, त्याला मायक्रोमीटर धरता येत नव्हता.

एक गोष्ट मात्र आमच्याच लोकांविरुद्ध बोलतो. शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यायचं आणि वर्षभर एकाच मशिनवर पीस लावायला, काढायला आणि सायकल स्टार्टचं बटण दाबायला उभं करायचं, हे सर्रास चालतं. तो पोरगा वर्षअखेरीस जिथे होता तिथेच असतो, फक्त वर्ष गेलेलं असतं. स्वस्त मजूर हवा असेल तर सरळ मजूर म्हणून घ्या आणि मजुराचा पगार द्या. ताई, पोरं कुठे पाठवण्याआधी मालकाला विचारा, ड्रॉइंग वाचायला कोण शिकवणार, टूल सेटिंग कधी देणार, इन्स्पेक्शनला किती आठवडे ठेवणार. उत्तर देताना जो चाचरतो त्याच्याकडे पाठवू नका. करार शासकीय पोर्टलवर नोंदवलाय का तेही बघा. नोंद नसेल तर शेवटी परीक्षा नाही आणि राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्रही नाही.

बालाघाट

बीड जिल्ह्यातून लिहितोय. आमच्याकडं हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो.

आयटीआयचं सत्र पावसाळ्यात सुरू होतं आणि दसरा-दिवाळीला टोळ्या ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असती, ती फेडायची तर घरातले सगळे हात लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, त्यामुळं सतरा-अठराव्या वर्षीच पोराचं लग्न उरकायची घाई होते. अशा घरातल्या पोरानं इलेक्ट्रिशियनला नंबर लावला तरी पुढचे पाच-सहा महिने गावात त्याला भाकरी करून घालणारं कुणी नसतं. घराला कुलूप असतं. पोरगं एकटं राहिलं तर राहिलं, नाहीतर कर्नाटकात नाहीतर पश्चिम महाराष्ट्रात फडावर आईबापाबरोबर.

म्हणून आमच्याकडं पोराला पैशाआधी वसतिगृह लागतं. ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली, त्यातून शाळेतल्या लेकरांची सोय व्हायला लागली. तशीच पक्की सोय आयटीआयच्या पोरांसाठी तालुक्याच्या ठिकाणी पाहिजे. ज्यांच्या आजी-आजोबांना जाता येत नाही आणि ती गावातच राहतात, त्यांचीच पोरं आमच्याकडं ट्रेड पुरा करतात, हे मी डोळ्यानं पाहतोय. एका म्हातारीच्या जिवावर पोराचं शिक्षण टिकून राहावं, ही काही व्यवस्था नव्हं.

दुसरं, आमच्याकडं पुण्याच्या कारखान्याला लागणारा ट्रेड घेऊन पोराला गाव सोडावंच लागतं. मोटार रिवाइंडिंग म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळणं, पंपाची दुरुस्ती, सौर पंपाची जोडणी ही कामं गावातच आहेत. २०२४ पासून मागेल त्याला सौर कृषी पंप योजना चालू झाली, शिवारात पॅनेल दिसायला लागली. ती बिघडली तर तालुक्याहून माणूस यायची वाट बघावी लागते. उन्हाळ्यात मोटार जळाली की शेतकरी त्याच दिवशी रिवाइंडर शोधत फिरतो. ज्याला हे येतं त्याच्या घरचा कोयता सुटतो.

इंद्रायणीकाठ

बालाघाट, तुमचा प्रतिसाद वाचून थांबले. आमच्या वस्तीतही मराठवाड्यातून आलेली घरं आहेत. इथे मुलीही बऱ्याच येतात, पण अर्ज भरताना 'ब्युटी पार्लर नाहीतर शिवण' यापुढे घरचे जाऊ देत नाहीत. कुणाचा अनुभव?

तारतंत्रीण

माझा आहे. वडील रिक्षा चालवायचे, आई पोळ्या लाटायची. मी वायरमन ट्रेड केला. आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत, पण आमच्या तुकडीत मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाबा म्हणाले, खांबावर चढणार का? मी म्हटलं, लागलं तर चढेन.

शिकणं अवघड गेलं नाही. अवघड होतं ते मधल्या सुट्टीत स्वच्छतागृह शोधणं, कारण कार्यशाळेच्या इमारतीत मुलींसाठी ते नव्हतंच. लांबच्या इमारतीत जायचं, म्हणून मैत्रिणी दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत. मग उन्हाळ्यात आजारी पडायच्या, हजेरी कमी भरायची आणि लोक म्हणायचे, मुलींना झेपत नाही. संध्याकाळची बस चुकली तर घरून दुसऱ्या दिवशी पाठवायचे नाहीत. २०२३ मध्ये एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीला आयटीआयला घालताना घरात पैशावरून वाद झाला नाही. एवढ्याशा गोष्टीनं किती फरक पडतो ते तिच्याकडे बघून कळलं.

तुमच्या यादीत नसलेली एक गोष्ट सांगते. पास झाल्यानंतरचं पहिलं वर्ष शिकण्याच्या वर्षांइतकंच कठीण असतं. प्रमाणपत्र हातात आहे, पण ड्रिल मशीन, मल्टीमीटर, क्रिम्पिंगचं हत्यार, शिडी यांतलं काहीच नाही. मग दुसऱ्याच्या हाताखाली, त्याच्या हत्यारांवर, तो देईल त्या मजुरीवर राबायचं. माझ्या आईच्या बचत गटानं कर्ज दिलं म्हणून मी हत्यारं घेतली आणि स्वतःच्या नावावर कामं धरली. तारतंत्रीचा परवानाही काढला. त्याचा अर्ज कसा करायचा हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, तेवढं तरी तुमच्या अभ्यासिकेत शिकवा.

आता घरांचं वायरिंग आणि सोसायट्यांचे पॅनेल करते. दुपारी एकटी बाई घरात असेल तर ती मुद्दाम मलाच बोलावते. या कामाला वस्तीतल्या दहा मुली आल्या तरी कमी पडतील.

पाबळकर

माझं शिक्षण पाबळच्या विज्ञान आश्रमात झालं, म्हणून लिहितो. शिरूर तालुक्यातलं हे गाव तेव्हा दुष्काळी म्हणूनच ओळखलं जायचं. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधनातली नोकरी सोडून इथे आले आणि १९८३ मध्ये त्यांनी आश्रम सुरू केला. २००३ मध्ये ते गेले, काम चालू आहे.

तिथे वर्षभर राहून शिकायचं. वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, वीज, शेती-पशुपालन, अन्नप्रक्रिया असं सगळं थोडं थोडं. शहरातल्या कारखानदाराला असा मुलगा अर्धवट वाटेल. खेड्यात मात्र एका दिवसात गोठ्याचं छप्पर जोडायचं असतं, मोटारीचा स्टार्टर बघायचा असतो आणि पाण्याची टाकी बसवायची असते. अशा कामांना असाच माणूस लागतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मान्यता असल्यानं दहावी नापास मुलालाही हातात पदविका मिळते. पाबळ डोम नावाची घुमटाकार घरं तिथे विकसित झाली, आणि अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीनं वस्तू बनवण्याची कार्यशाळा, २००२ मध्ये तिथेच उभी राहिली.

धाग्याच्या मूळ प्रश्नाशी याचा संबंध असा की आम्ही शिकताना गावातल्या लोकांची खरी कामं करायचो. गेट बनवून द्यायचं, शेड उभारायची, ग्राहक पैसे मोजून घ्यायचा. जोड तुटला तर तो परत यायचा, म्हणून जोड नीट करायला शिकलो. राहण्याजेवणाची चिंता नसल्यानं संध्याकाळी उरलेला जॉब पुरा करायला थांबता यायचं. तुमच्या वस्तीतल्या मुलाला ते जमत नाही, कारण त्याला दुकानात रात्रपाळीला जायचं असतं.

हीच पद्धत माध्यमिक शाळांतही नेलेली आहे, आठवड्यातला एक दिवस हातानं काम. आठवीतल्या मुलानं एकदा प्लंबिंगचा जोड स्वतः केला की दहावीनंतर ट्रेड निवडताना तो भावाच्या मित्राला विचारत बसत नाही.

नेकारकाठ

मी जर्मनीत श्टुटगार्टमध्ये असतो. इथे मेकॅट्रॉनिक्सचा शिकाऊ मुलगा पहिल्या महिन्यापासून कंपनीकडून वेतन घेतो. आठवड्यातले एक-दोन दिवस व्यवसाय शाळा, बाकीचे दिवस कंपनीत काम. ट्रेडप्रमाणे दोन ते साडेतीन वर्षं. त्याचा खर्च घरच्यांवर पडत नाही, आणि म्हणूनच मध्यमवर्गीय आईबापही मुलाला निःशंकपणे तिथे पाठवतात. इंद्रायणीकाठ यांचा मुद्दा इथे रोज दिसतो.

अवांतर: २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाचा इथल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार झाला. तेव्हापासून गावाकडून फोन येतात. मुलांना एवढंच सांगा की जर्मन भाषा नीट आल्याशिवाय इथे कामाच्या जागी निभाव लागत नाही, आणि आगाऊ मोठी रक्कम मागणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका.

शॉपफ्लोअर

नेकारकाठ, आपल्याकडेही अशी दुहेरी पद्धत कागदावर आहे, डीएसटी नावानं, २०१६ पासून. आयटीआयनं थिअरी शिकवायची आणि प्रात्यक्षिकाचा काही काळ कारखान्यात काढायचा. लहान गाळेवाल्याला एकट्याला ते झेपत नाही. पण आम्ही पाच-सहा जण मिळून एका आयटीआयशी बोललो तर जमेल. एकाकडे टर्निंग, एकाकडे ग्राइंडिंग, एकाकडे फॅब्रिकेशन. मी असोसिएशनच्या बैठकीत हा विषय काढतो.

इंद्रायणीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आम्ही अभ्यासिकेत बसून यातून काय काय करता येईल ते ठरवलं.

नव्यानं नंबर लागलेल्या मुलामुलींना पहिल्या सत्रात दुपारचा डबा वस्तीतल्याच बचत गटाकडून द्यायचा. पैसे देणगीदारांचे आणि काम वस्तीतल्या बायकांना. कुणाला द्यायचा ते गुणांवर ठरवणार नाही, घरी जाऊन ठरवू. हत्यारांची एक पेटी ट्रेडप्रमाणे तयार करायची, पास झालेल्यानं वर्षभर वापरायची आणि स्वतःची झाली की पुढच्याला द्यायची. तारतंत्रीण, पेटीत काय काय हवं याची यादी तुम्ही करून द्याल का? परवान्याचा अर्जही एकदा येऊन समजावून सांगा.

मुलींच्या स्वच्छतागृहाचा प्रश्न घेऊन पालकांसह प्राचार्यांना भेटणार आहोत. वसतिगृह न मिळालेल्यांसाठी समाजकल्याण आणि आदिवासी विभागाच्या निर्वाह खर्चाच्या योजना आहेत, स्वाधार आणि स्वयंम. त्यांत कालावधी, गुण, शहर अशा अटी आहेत, त्यामुळे प्रत्येक मुलाची कागदपत्रं घेऊन कार्यालयात बसावं लागणार. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला मे महिन्यातच काढून ठेवला तर निम्मी धावपळ वाचते, हे इथे वाचणाऱ्या प्रत्येक पालकाला सांगते.

तारतंत्रीण

यादी रविवारी टाकते. टेस्टर आणि पक्कड स्वस्तातली घेऊ नका, इन्सुलेशन तपासून घ्या. आणि शिडी लाकडी किंवा फायबरची, ॲल्युमिनियमची नको.

कानस

मी आठवड्यातून दोन संध्याकाळी यायला तयार आहे. ड्रॉइंग वाचन शिकवतो. पहिल्या कोनातलं आणि तिसऱ्या कोनातलं प्रक्षेपण, म्हणजे वस्तूच्या बाजू कागदावर मांडायच्या दोन पद्धती, कळलं की मुलगा कार्यशाळेत मागे राहत नाही. शॉपफ्लोअर, तुमच्याकडची जुनी, रद्द झालेली ड्रॉइंग आणि रिजेक्ट पीस असतील तर द्या. पुस्तकातल्या आकृतीपेक्षा पीस हातात धरून मोजलेला बरा. एक जुना व्हर्निअर माझ्याकडे आहे, आणखी दोन-तीन लागतील.

शॉपफ्लोअर

पीस हवे तेवढे न्या. ड्रॉइंगवरची ग्राहकाची नावं झाकून प्रती काढून देतो. व्हर्निअरचं शेजारच्या गाळ्यात विचारतो. शनिवारी पाचनंतर या, मशिनं बंद असतात, पोरांनाही घेऊन या.